जेनोआ : अकरा वेळा बंदर पाहिलं, गाव बाराव्या वेळी

दर्यावर्दी_निवृत्त

नोकरीत असताना माझं जहाज जेनोआला अकरा वेळा लागलं. जुन्या डायऱ्या काढून मोजलंय. पण टँकरच्या इंजिनरूमवाल्याचं बंदरात काम वाढतं, कमी होत नाही. प्युरिफायर (तेल साफ करायचं यंत्र) उघडा, तपासणीला सर्व्हेअर आलाय त्याच्यामागे फिरा, बंकर म्हणजे जहाजाचं इंधन घ्या, स्पेअर आले का बघा, आणि मुल्टेडोचा तेलाचा धक्का गावापासून लांब, त्यामुळे शोअर लीव्ह, म्हणजे जमिनीवर उतरायची सुट्टी, मिळालीच तर सीमेन्स क्लबात जाऊन घरी फोन, एक बिअर आणि उलट पावली परत. घरी आलो की बायको विचारायची, इटलीत काय पाहिलंत? मी सांगायचो, दीपगृह. खोटं नव्हतं ते. तिथली लान्तेर्ना १५४३ सालची, ७७ मीटर उंच, बंदरात शिरताना आधी तीच दिसते आणि निघताना शेवटी तीच.

रिटायर झालो, बायकोही झाली. ती कणकवलीकडच्या एका शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवायची. तिनेच ठरवलं की जायचं तर जेनोआलाच जायचं, तुमचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करू. लोक म्हणाले अरे फ्लॉरेन्स बघा, व्हेनिस बघा, जेनोआत काय आहे. ऑक्टोबरात चार दिवस राहून आलो, मिलानला उतरून ट्रेनने प्रिन्चिपे स्टेशन. तर काय आहे ते लिहितो. क्रम लागणार नाही, आठवेल तसं.

आधी एक कामाची गोष्ट. बहुतेक चर्च दुपारी बाराच्या सुमाराला बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात. म्युझियमं दुपारी चालू असतात पण सोमवारी बरीचशी बंद. म्हणजे सकाळी चर्च, दुपारी म्युझियम, संध्याकाळी राहिलेलं चर्च. पहिल्या दिवशी आम्ही हे उलटं केलं आणि तीन बंद दारांना हात लावून आलो.

सान लोरेन्झो, म्हणजे तिथलं कॅथेड्रल. काळ्यापांढऱ्या दगडाचे आडवे पट्टे. १११८ साली पोप गेलासियस दुसरा याच्या हस्ते अभिषेक झालेलं. आत उजव्या बाजूला भिंतीशी चक्क एक तोफगोळा उभा करून ठेवलाय, जवळजवळ माणसाच्या छातीएवढा. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश नौदलाने जेनोआवर समुद्रातून मारा केला, त्यात 'मलाया' या युद्धनौकेचा १५ इंची गोळा चर्चची भिंत फोडून आत पडला आणि फुटलाच नाही. गावाने तो मेरीमातेचा प्रसाद मानला आणि शेजारी तशी पाटी लावली. मी वाकून वितीने व्यास मोजत होतो तर बायको म्हणाली, अहो, देवळात आहात.

त्याच चर्चच्या पोटात जमिनीखाली खजिन्याचं म्युझियम आहे. फ्रांको अल्बिनी नावाच्या आर्किटेक्टने केलेलं, १९५६ चं. गोल गोल दगडी खोल्या, अंधार, आणि प्रत्येक वस्तूवर तेवढाच उजेड. तिथे हिरव्या काचेचा एक षटकोनी वाडगा आहे, साक्रो कातिनो. ११०१ मध्ये कैसरियाच्या लुटीतून आणलेला. कित्येक शतकं लोक समजत होते की हा अख्खा पाचूचा आहे आणि येशूने शेवटच्या जेवणाला वापरला. नेपोलियनच्या माणसांनी पॅरिसला नेला, १८१६ ला परत आला तो तुकड्यांत. पाचू नाही काच आहे हे तेव्हा कायमचं सिद्ध झालं. आता तुकडे सांधून ठेवलाय. मला तो खरा पाचू असता त्यापेक्षा असाच जास्त आवडला, सातशे वर्षं गावाने एका काचेच्या वाडग्यावर जीव लावला ही काय साधी गोष्ट आहे का.

तिथून पाच मिनिटांवर सान मात्तेओ. डोरिया घराण्याचं घरचं देऊळ म्हणा ना, ११२५ मध्ये स्थापन झालेलं. समोर छोटासा चौक, चौकाभोवती त्यांचेच वाडे. दर्शनी भिंतीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर घराण्याने जिंकलेल्या समुद्री लढायांची वर्णनं लॅटिनमध्ये कोरलीयत. खाली तळघरात आंद्रेआ डोरिया, तोच तो मोठा अॅडमिरल, याची समाधी. आम्ही होतो तेव्हा आत आम्ही दोघंच.

चर्च ऑफ जेझू. इथे बायकोचा विषय सुरू होतो. रुबेन्सची दोन मोठी चित्रं, मुख्य वेदीवर बाळ येशूची 'सुंता', १६०५ चं, आणि बाजूच्या वेदीवर सेंट इग्नेशियसचे चमत्कार, ते त्यानंतर पंधराएक वर्षांनी पाठवलेलं. शिवाय गिदो रेनीचं एक. तिकीट नाही, रांग नाही. बायको पहिल्या चित्रासमोर बसली ती उठेचना. मला वाटलं गुडघे. तर म्हणाली, हा लाल बघा. आमच्या पुस्तकात छापून यायचा तो विटकरी. मी ३१ वर्षं पोरांना सांगत आले की रुबेन्सचा लाल विटकरी असतो. मग बराच वेळ गप्पच.

सान पिएत्रो इन बांकी हे मला सगळ्यात जवळचं वाटलं, कारण खाली दुकानांचे गाळे आणि वर चर्च! सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधायला पैसे नव्हते म्हणून खालचे गाळे विकून वरचं चर्च उभं केलं. आपल्याकडे ट्रस्टची मंडळी हेच करतात आणि आपण नाकं मुरडतो. इथे ते वारसा म्हणून दाखवतात.

म्युझियमांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, डोळे दुखायला लागले.

---

केतकी_पुणे

मस्त लिहिताय काका, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फोटो टाका ना. आणि हे जिनिव्हा नव्हे ना? आमच्या घरी यावरून एकदा भांडण झालंय. नवऱ्याने ऑफिसमध्ये सांगून ठेवलं आम्ही स्वित्झर्लंडला चाललो आणि तिकिटं जेनोआची.

---

दर्यावर्दी_निवृत्त

जिनिव्हाला समुद्र नाही हो, जहाज कुठे लावू? इटालियन लोक जेनोव्हा म्हणतात, इंग्रजीत जेनोआ, आम्ही जहाजावर जिनोआ म्हणायचो. फोटो बायकोच्या फोनमध्ये आहेत आणि त्यातले निम्मे फक्त पडद्यांच्या आणि कपड्यांच्या चुण्यांचे आहेत, चित्रकार चुण्या कशा काढतो ते बघायला. लोकांना त्यात काही दिसणार नाही.

तर म्युझियमं. विया गारिबाल्डी नावाचा जेमतेम अडीचशे मीटरचा रस्ता, जुनं नाव स्त्रादा नुओव्हा म्हणजे नवा रस्ता, सोळाव्या शतकात श्रीमंत घराण्यांनी ओळीने वाडे बांधले तो. त्यातले पालाझ्झो रोस्सो, बियांको आणि तुर्सी हे तीन मिळून एक म्युझियम. एक गंमत ऐका. जेनोआच्या सरकारकडे पाहुणे उतरवायला राजवाडा नव्हता. मग बाहेरचा राजा, राजदूत, कार्डिनल आला की ठेवायचा कुठे? १५७६ मध्ये सिनेटने हुकूम काढला, चांगल्या वाड्यांच्या याद्या केल्या, पाहुण्याच्या मानाप्रमाणे वाड्यांचे वर्ग पाडले आणि त्या त्या वर्गात चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, यंदा पाहुणा तुमच्याकडे. या याद्या म्हणजे रोल्ली. त्यातले ४२ वाडे २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. म्हणजे घरात एवढे आरसे नि झुंबरं का, तर कधी चिठ्ठी निघेल सांगता येत नाही!

रोस्सोत व्हॅन डाइकने काढलेली त्याच घरच्या माणसांची चित्रं आहेत, ज्यांच्या घरात ती लागलीयत. आणि अगदी वर गच्चीवर जाता येतं, तिथून सगळं गाव, स्लेटच्या राखाडी छपरांचा पसारा आणि पलीकडे बंदर. मला तिथून लान्तेर्ना दिसली. पहिल्यांदाच जमिनीच्या बाजूने पाहिली, उलटी बाजू बघितल्यासारखं वाटलं.

तुर्सीत प्रसिद्ध व्हायोलिनवादक पॅगनिनीचं व्हायोलिन. ग्वार्नेरीने १७४३ मध्ये केलेलं, त्याच्या दणदणीत आवाजामुळे पॅगनिनी त्याला 'तोफ' म्हणायचा. मरताना गावाला देऊन गेला. काचेत आहे. व्हायोलिन न वाजवता ठेवलं तर मरतं म्हणतात, म्हणून ते अधूनमधून वाजवलंही जातं.

---

नाखवा_ठाणेकर

दंडवत स्वीकारा. अवांतर नाही, विषयातलंच आहे. जेनोआच्या तुरुंगातच मार्को पोलोने आपला प्रवास सांगितला ना? त्यात आमचं ठाणं आहे. 'ताना'चं राज्य म्हणून वेगळं प्रकरण आहे. कातडं, ऊद, सुती कापड हे सगळं तिथून जातं असं लिहिलंय. आणि इथले चाचे! म्हणे राजा त्यांच्याशी करार करतो, की लुटीत जे घोडे सापडतील ते माझे, बाकी सगळं तुमचं. कारण राजाला घोडे मिळत नाहीत आणि बाहेरून जहाजाने भरभरून येतात. घोडबंदर नाव उगाच नाही पडलं असं आम्ही ठाणेकर छाती फुगवून सांगतो, खरंखोटं नाव ठेवणाऱ्याला माहीत.

---

दर्यावर्दी_निवृत्त

अहो काय सांगता. त्या इमारतीसमोर बसून मी आइस्क्रीम खाल्लंय. पालाझ्झो सान जोर्जो, १२६० चा, अगदी बंदरावर, बाहेरून रंगवलेला. १२९८ मध्ये कुर्झोलाच्या लढाईत जेनोआने व्हेनिसला हरवलं, त्यात किंवा त्याच्या आगेमागे मार्को पोलो पकडला गेला आणि याच वाड्यात कैदेत होता असं परंपरेने सांगतात. सोबत पिसाचा रुस्तिकेल्लो नावाचा लेखक कैदी, त्याने लिहून काढलं. पुढे याच वाड्यात सान जोर्जो बँक आली, १४०७ पासूनची. आता बंदराचं ऑफिस आहे. म्हणजे माझ्या जहाजाचे कागद याच्याच कुठल्यातरी टेबलावरून गेले असणार आणि मला पत्ता नाही.

---

डोंगरीवाला

काका तुम्ही जेनोआला गेलात आणि जीन्सबद्दल एक अक्षर नाही?? जीन्स हा शब्दच जेनोआवरून. फ्रेंचमध्ये गावाचं नाव जेन, तिथलं जाडंभरडं कापड ते जीन. आणि आता घ्या, इंग्रजीतला डंगरी हा शब्द आमच्या मुंबईच्या डोंगरीवरून, इथे विकलं जाणारं जाडं सुती कापड, खलाशी वापरायचे. म्हणजे खलाशाच्या विजारीची दोन नावं, एक जेनोआचं आणि एक डोंगरीचं. तुम्ही बॉयलरसूट घातला असेल आयुष्यभर, पण बोलायला पाहिजे होतं.

---

दर्यावर्दी_निवृत्त

लिहायचंच होतं, तुम्ही आधी बोललात. कॅथेड्रलच्या शेजारी जुन्या मठाच्या आवारात धर्मप्रांताचं म्युझियम आहे, तिथे तळमजल्याखाली 'जेनोआची निळी' म्हणून १४ मोठी कापडं टांगलीयत. निळीत रंगवलेलं लिनन, त्यावर पांढऱ्या रंगाने ख्रिस्ताच्या यातनांची चित्रं. सोळाव्या शतकापासूनची. पवित्र आठवड्यात चर्चमध्ये लावायचे, रंगीत भित्तिपडदे परवडत नव्हते त्यांची सोय असं आम्हाला तिथल्या बाईंनी खुणा करकरून समजावलं. जवळून बघितलं तर रंग तोच, धुवून धुवून फिकी पडलेली जीन्स असते ना, तसा. बायकोने हात लावायला पुढे केला आणि अलार्म वाजला. हे तिला न सांगता लिहितोय.

---

वसईचा_पाव

छान लिहिताय. एक दोन गोष्टी सुचवतो, राग मानू नका. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असेल तर फिरू नका, मागे बसा, संपली की बघा. रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये फिरायला जाणं म्हणजे आरतीच्या वेळी गाभाऱ्याचे फोटो काढण्यासारखं आहे. खांदे, गुडघे झाकलेले असावेत. टोपी काढा.

त्या कॅथेड्रलमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या अस्थी आहेत, वेगळं चॅपल आहे त्यांचं, बघितलंत का? २४ जूनला सणाला त्यांची मिरवणूक बंदरापर्यंत जाते आणि आर्चबिशप समुद्राला आणि शहराला आशीर्वाद देतात. आणि गल्लीबोळांच्या कोपऱ्यांवर भिंतीत उंचावर मेरीच्या मूर्ती असतात त्या शोधा. आमच्याकडे वसईत वाटेवर क्रूस असतात तसं. रात्री त्यांच्यापुढच्या दिव्यांनीच तेव्हा गल्ल्या उजळायच्या.

---

दर्यावर्दी_निवृत्त

राग कसला, बरोबर आहे. योहानाचं चॅपल पाहिलं. मूर्तींची तर आम्ही पैज लावली होती, कोण जास्त शोधतो. बायको जिंकली. माझी नजर खाली, कारण फरशी ओली आणि गल्ल्यांना, त्यांना तिथे कारुज्जी म्हणतात, उतार. काही एवढ्या अरुंद की समोरून माणूस आला की एकाने दारात शिरायचं. आपल्याकडचे वाड्यांमधले बोळ, पण सहा मजली.

---

शंकेखोर

लेख चांगला आहे पण सगळं गोड गोड चाललंय म्हणून विचारतो. ही सोन्याची छतं आली कुठून? वल्हवणारे गुलाम, लूट, व्याज. पर्यटक म्हणून वा वा करणं सोपं असतं.

---

दर्यावर्दी_निवृत्त

प्रश्न रास्त आहे. आणि गंमत म्हणजे याचं उत्तर तिथल्याच म्युझियममध्ये आहे, ते लपवत नाहीत.

गालाता म्हणून समुद्राचं म्युझियम आहे, जुन्या धक्क्यावर, २००४ मध्ये उघडलेलं. आत सतराव्या शतकातली एक गॅली, म्हणजे वल्ह्यांचं जहाज, पूर्ण आकारात बांधून ठेवलीय, जवळपास चाळीस मीटर. बाकांवर बसून वल्हं ओढून बघता येतं. मी ओढलं. एक वल्हं ओढायला चार-पाच माणसं लागायची. ती माणसं तीन प्रकारची. गुलाम, त्यात बहुतेक उत्तर आफ्रिकेचे आणि तुर्की मुसलमान. दुसरे शिक्षा झालेले कैदी. आणि तिसरे ब्वोनाव्होल्या, म्हणजे 'आपखुशीने' आलेले. आपखुशी कसली, कर्ज फेडता येईना म्हणून स्वतःला विकलेले गरीब. बऱ्याचदा तेही साखळीत. माझी नोकरी पण इंजिनातलीच, खाली बसून जहाज ढकलायची, त्यामुळे त्या बाकावर बसून काय वाटलं ते लिहीत नाही.

सोन्याचं छत म्हणाल तर सान्तिसिमा आन्नुन्झियाता. बाहेरून साधं, आत डोळे दिपतात. ते लोमेल्लिनी घराण्याने सजवलं. त्यांचा पैसा कशाचा? ट्युनिशियाजवळच्या ताबार्का बेटावरच्या पोवळ्यांचा. त्याच समुद्रातलं पोवळं शतकानुशतकं हिंदुस्थानात येत राहिलं. आपल्या आज्यांच्या बोटातलं पोवळं कुठून आलं असेल विचार करा आणि मग छताला नावं ठेवा. दुसऱ्या महायुद्धात या चर्चवर बॉम्ब पडले, काही ठिकाणी दुरुस्ती ओळखू येते.

---

शंकेखोर

पोवळ्याचं माहीत नव्हतं. माघार नाही पण अर्धं पाऊल मागे.

---

मिलानवासी_मऱ्हाठा

इथे शिकायला आहे, जेनोआला चारदा जाऊन आलोय, ट्रेनने दीड-दोन तास. काकांच्या यादीत भर टाकतो.

१. पालाझ्झो स्पिनोला कसं काय सोडलंत? त्या घराण्याने १९५८ मध्ये वाडा सामानसुमानासकट सरकारला दिला. आन्तोनेल्लो दा मेसिनाचा 'एक्के होमो' तिथे आहे, बंदी येशूचं छोटंसं चित्र, गळ्यात दोर, डोळ्यांत पाणी. आणि रुबेन्सचा घोडेस्वार डोरिया. रुबेन्सला हे वाडे एवढे आवडले की त्याने त्यांच्या नकाशांचं पुस्तक काढलं, १६२२ मध्ये, अँटवर्पला.

२. सरकारी म्युझियमं, म्हणजे स्पिनोला आणि पालाझ्झो रेआले, महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात. गारिबाल्डी रस्त्यावरची नगरपालिकेची, ती त्यात धरू नका.

३. वसंतात आणि शरदात रोल्ली डेज असतात, एरवी बंद असलेले खासगी वाडे उघडतात, तरुण इतिहासकार माहिती सांगतात. तेव्हा जा. नाहीतर बंद दारं बघत फिरा. कोणाच्या तरी दारात उभं राहून वर मान केली तर जिन्यावर अख्खं भित्तिचित्र असतं आणि खाली स्कूटर लावलेली.

४. कोलंबसचं घर म्हणून जे दाखवतात ते अठराव्या शतकात पुन्हा बांधलेलं आहे. बाहेरून बघा, शेजारचं पोर्ता सोप्राना, म्हणजे गावाची जुनी वेस, बघा, पुढे चला.

---

दर्यावर्दी_निवृत्त

स्पिनोला सोडलं नाही हो, लिहायचं राहिलं. एक्के होमो बघून बायको खोलीबाहेर आली आणि म्हणाली आज आता बाकी काही नको, आपण काहीतरी खाऊ. कोलंबसबाबत सहमत.

---

अन्नपूर्णा_डोंबिवली

शाकाहारी लोकांचं काय होतं तिथे? सासूबाई अंडंही खात नाहीत. चर्च बघून पोट भरत नाही.

---

दर्यावर्दी_निवृत्त

उलट तिथे सोपं आहे. फोकाच्चा, म्हणजे तेल लावलेला चपटा पाव, जागोजागी, सकाळी तिथले लोक कॉफीत बुडवून खातात. फारिनाता म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं मोठं जाड धिरडं, तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. त्यात पीठ, पाणी, तेल, मीठ. आणि पानिस्सा! हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, गार करून वड्या पाडतात आणि तळतात. बायको दुकानात मोठ्याने म्हणाली, अहो ही पाटवडी! दुकानदाराला वाटलं तिला काहीतरी झालं. फोडणी नाही, खोबरं नाही, कोथिंबीर नाही, तेवढं सोडलं तर पाटवडीच. पेस्तो म्हणजे तिथली तुळशीची चटणी, तिच्यात चीज असतं आणि त्या चीजमध्ये वासराचं रेनेट (दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढलेला अर्क) असतं, सासूबाई कडक असतील तर विचारून घ्या. फोकाच्चात कधी चरबी असते, तेही विचारा.

---

इतिहास_वेडा_नाशिक

एवढा मोठा धागा आणि मॅझिनीचं नाव नाही! इटलीच्या स्वातंत्र्याचा पुढारी जुझेप्पे मॅझिनी जेनोआचा, जन्म १८०५. त्याच्या जन्मघरात रिसोर्जिमेंतोचं, म्हणजे इटलीच्या एकीकरणाच्या चळवळीचं, म्युझियम आहे. सावरकरांनी त्याचं आत्मचरित्र मराठीत आणलं, १९०७ मध्ये छापलं, आणि सरकारने ते जप्त केलं. आमच्या नाशिकात त्या काळी पोरं त्याची प्रस्तावना पाठ करायची असं जुने लोक सांगत. तुम्ही त्याच्या समाधीवर गेलात की नाही?

---

दर्यावर्दी_निवृत्त

गेलो. स्तालियेनोचं स्मशान, बस जाते. स्मशान कसलं, संगमरवरी पुतळ्यांचं म्युझियमच आहे, १८५१ मध्ये उघडलेलं. मॅझिनीची समाधी झाडीत वरच्या बाजूला, डोंगरात खोदल्यासारखी, पुढे दोन बुटके जाड खांब. जिने आहेत, पाणी बरोबर ठेवा. वडिलांच्या ट्रंकेत ते पुस्तक होतं, कव्हर नसलेलं, मी कधी वाचलं नाही. समाधीपाशी उभा राहिलो तेव्हा जरा ओशाळलो.

पण तिथे मला धरून ठेवलं ते कातेरिना काम्पोदोनिकोने. जत्रांमधून हेझलनटच्या माळा आणि गोड कडी विकणारी बाई. आयुष्यभराची कमाई साठवून तिने जिवंतपणीच, १८८१ मध्ये, स्वतःचा संगमरवरी पुतळा करून घेतला, लोरेन्झो ओरेन्गो नावाच्या चांगल्या शिल्पकाराकडून. हातात त्याच माळा आणि कडी, झालरीची शाल, कानात डूल. बाजूला बँकवाले, व्यापारी, आणि मधे ही. नातेवाईक तिच्या धंद्याला हसायचे म्हणे. शालीची झालर एवढी बारीक कोरलीय की बायकोने तिचे सतरा फोटो काढले. चुण्यांचे फोटो म्हणालो ना, ते हेच.

---

निशिगंधा_के

काका आमची क्रूझ आहे, जेनोआला फक्त सकाळी ८ ते ४. आई बरोबर, वय ७२, गुडघे. सहा तासात काय करू? पाकीटमार असतात का?

---

दर्यावर्दी_निवृत्त

क्रूझचा धक्का प्रिन्चिपे स्टेशनजवळच, चालत गावात जाता येतं. टॅक्सीने सरळ सान लोरेन्झोला उतरा. कॅथेड्रल, तोफगोळा, तळघरातला वाडगा. मग दोन मिनिटांवर जेझू, रुबेन्स, तिथे आईंना बसू द्या. मग सान मात्तेओ. बारा वाजेपर्यंत एवढंच, त्याच्यावर एक चर्च घेऊ नका. जेवून गारिबाल्डी रस्ता, रोस्सो. आईंना गच्ची झेपेल का ते तिकीट घेताना विचारा. गावात उंच जागी जायला सार्वजनिक लिफ्ट आहेत, कास्तेलेत्तोची घ्या, वर नुसतं बसून गाव दिसतं. अजून एक लिफ्ट आहे, काप्तान द'आल्बेर्तिसच्या किल्ल्याकडे जाणारी, ती आधी बोगद्यातून आडवी चालते आणि मग उभी वर जाते! वेळ नसेल तर नको, पण मी तीनदा बसलो.

पाकीट पुढच्या खिशात. स्टेशनजवळच्या विया प्रे भागात जरा सांभाळून, बाकी मुंबई लोकलचा अनुभव पुरतो. सुटी नाणी ठेवा, काही चर्चमध्ये चित्रावरचा दिवा नाणं टाकल्यावर लागतो आणि तुम्ही चष्मा लावेपर्यंत विझतो.

---

हायकू_फॅन

कियोस्सोनेचं जपानी म्युझियम कोणी पाहिलंय का? एदोआर्दो कियोस्सोने, नोटा छापायच्या प्लेट कोरणारा माणूस, जपान सरकारने १८७५ मध्ये बोलावला, त्यांच्या नोटा नि स्टॅम्प कोरले, मेइजी सम्राटाचं ते प्रसिद्ध चित्रही त्याचंच. तिकडेच वारला, जमवलेलं सगळं जेनोआला देऊन. इटलीत जाऊन जपानी चित्रं बघणं वेडेपणा वाटतो पण मी तिथे तीन तास होते आणि चर्चला वेळच उरला नाही. मला पश्चात्ताप नाही.

---

निशिगंधा_के

जाऊन आलो!! काका, खूप आभार. पण आधी फोकाच्चा खात बसलो, आईला आवडला, तिने दुसरा मागितला, मग तिसरा. जेझूच्या दाराशी पोचलो आणि माणूस कडी लावत होता. आईने त्याला मराठीत सांगितलं, "बाबा, डोंबिवलीहून आलोय." काय कळलं देव जाणे, पाच मिनिटं आत सोडलं. आई चित्राकडे बघून म्हणाली, बाळ किती घाबरलंय. तोफगोळ्याला मात्र तिने नमस्कार केला, मी अडवलं नाही.

---

दर्यावर्दी_निवृत्त

आईंना माझा नमस्कार सांगा. बारा वाजता बंद होतं हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं बरं का.

---

रंगपेटी_कणकवली

मी यांची बायको. आज पहिल्यांदाच खातं उघडलंय कारण राहवेना. अलार्मचं मी वाचलं. आता यांनी काय नाही लिहिलं ते वाचा. गालाता म्युझियमच्या बाहेर पाण्यात एक खरी पाणबुडी आहे, नाझारिओ साउरो, आत जाता येतं, डोक्याला आपटू नये म्हणून हेल्मेट देतात. लोक वीस मिनिटांत बाहेर येतात. हे दीड तास आत. मी धक्क्यावर बाकावर. शेवटी बघायला गेले तर डिझेल इंजिनांपाशी उभे राहून दोन अनोळखी इटालियन म्हाताऱ्यांशी हातवारे करून काहीतरी चाललेलं, तिघंही जाम खूश. रुबेन्सला यांनी सात मिनिटं दिली, मी घड्याळ लावलं होतं. आणि ते अकरा वेळा म्हणतायत ना, त्या डायऱ्या मीच कपाटात लावल्यात. बारा आहेत.

---

दर्यावर्दी_निवृत्त

एकदा आम्ही बाहेर अँकरवर होतो आणि तिथूनच परत फिरलो. अँकरेज धरत नाहीत.